अध्यक्ष नवा, सभागृह कुणाचं?

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतलं ४३ दिवसांचं शटडाऊन (खर्चाला मंजुरी नसल्यानं सरकारी कामकाज बंद पडणं) संपलं. त्या देशाच्या तोवरच्या इतिहासातलं ते सर्वांत लांबलेलं शटडाऊन होतं. त्यानंतर उणीदुणी काढली जाणार हे उघडच होतं. पण ज्या गृहीतकांवर हे भांडण चाललंय तीच मला खटकतात. एक बाजू म्हणते, सगळा दोष पक्षांधतेचा आहे. पूर्वी दोन्ही पक्षांचे नेते दिवसभर भांडून संध्याकाळी एकत्र बसायचे, तोडगा काढायचे. आता एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत, म्हणून अमेरिकी काँग्रेस (सिनेट आणि प्रतिनिधीगृह) ठप्प झाली. दुसरी बाजू विचारते, ठप्प कसली? प्रतिनिधीगृहाचे सभापती माईक जॉन्सन यांनी काठावरच्या बहुमतातून ट्रम्प यांचं कर आणि खर्चाविषयीचं सर्वांत मोठं विधेयक २१८ विरुद्ध २१४ मतांनी पार पाडलं आणि ४ जुलैच्या मुहूर्तावर त्यावर सही झाली. सभागृहाच्या नेत्यानं याहून वेगळं काय करायचं असतं? म्हणजे पहिली बाजू नेत्याला जोखते ती विरोधकांची किती मतं मिळवली यावरून, आणि दुसरी बाजू अध्यक्षांची किती कामं तडीस नेली यावरून. अध्यक्ष बदलला की दोन्ही पक्ष या मोजपट्ट्यांची अदलाबदल करतात, हा त्यातला गमतीचा भाग. २००९ मध्ये बराक ओबामा आले तेव्हा रिपब्लिकनांना अचानक सर्वसहमतीचा उमाळा आला होता आणि डेमोक्रॅट 'जनादेश, जनादेश' म्हणत होते.

माझ्या मते दोन्ही मोजपट्ट्या टाकाऊ आहेत. पक्षनिष्ठा हा दोष नाही. पक्ष म्हणून निवडून आलेल्यांनी पक्ष म्हणून मत दिलं तर त्यात फसवणूक कुणाचीच होत नाही. नव्या अध्यक्षाच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत सभागृहाच्या नेत्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: खर्चाला मंजुरी देणं, कर आणि आयातशुल्क ठरवणं, युद्धाला संमती देणं, सरकारची चौकशी करणं हे राज्यघटनेनं काँग्रेसच्या हाती ठेवलेले अधिकार त्याच्या कारकिर्दीत काँग्रेसच्याच हाती राहिले का? कट्टर पक्षनेता या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकतो आणि सगळ्यांशी गोड बोलणारा मध्यममार्गी सपशेल नापास होऊ शकतो. हे पटायला १९६४ चा एक उन्हाळा पुरेसा आहे.

नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली आणि लिंडन जॉन्सन रातोरात अध्यक्ष झाले. सिनेटमध्ये बहुमताचे नेते होते मोंटानाचे माईक मॅन्सफील्ड. हा मितभाषी माणूस इतका मऊ समजला जायचा की स्वपक्षीयच त्यांच्यावर टीका करायचे. याच पदावर असताना जॉन्सन सदस्यांना कोपऱ्यात गाठून दमदाटी करायचे, मॅन्सफील्ड काहीच करत नाहीत, अशी ती तक्रार. त्या टीकेला उत्तर देणारं भाषण मॅन्सफील्ड २२ नोव्हेंबरला करणार होते. त्याच दिवशी डॅलसमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते भाषण काही दिवसांनी नुसतंच कामकाजाच्या नोंदीत जोडलं गेलं. अध्यक्ष सिनेटचा मालक नाही आणि नेत्यानं सदस्यांचा मुकादम होऊ नये, हा त्याचा आशय. पुढच्या सात महिन्यांत त्यांनी ते करून दाखवलं. नागरी हक्क विधेयक मिसिसिपीच्या जेम्स ईस्टलंड यांच्या न्याय समितीत गाडलं जाऊ नये म्हणून त्यांनी ते समितीला वळसा घालून थेट सभागृहापुढे आणलं. दक्षिणेकडच्या डेमोक्रॅट सदस्यांनी लांबण लावली, तरी रात्रंदिवस बैठका घेऊन त्यांना थकवण्याचा मार्ग मॅन्सफील्डनी धरला नाही. अल्पमताचे नेते, इलिनॉयचे रिपब्लिकन एव्हरेट डर्कसन यांच्या कार्यालयात कलमाकलमावर घासाघीस झाली आणि १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवण्याचा ठराव झाला. ४४ डेमोक्रॅट, २७ रिपब्लिकन. २ जुलैला कायदा झाला. सर्वसहमतीची महती सांगणारा प्रत्येक जण हे उदाहरण देतो, आणि ते खरंच मोठं आहे.

पण उदाहरण देणारे २ जुलैलाच थांबतात. कॅलेंडर आणखी पाच आठवडे पुढे न्या. ७ ऑगस्ट १९६४. अध्यक्ष तेच, मॅन्सफील्ड आणि डर्कसनही तेच. टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर हल्ले झाल्याचं सांगून अध्यक्षांनी व्हिएतनाममध्ये हवी ती लष्करी कारवाई करण्याची मुभा मागितली. प्रतिनिधीगृहानं सुमारे ४० मिनिटांत ती ४१६ विरुद्ध ० मतांनी दिली. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. मॅन्सफील्डना व्हिएतनामबद्दल गंभीर शंका होत्या, त्या त्यांनी अध्यक्षांना खासगीत लिहूनही कळवल्या होत्या. सभागृहात मात्र ते आड आले नाहीत. विस्कॉन्सिनचे गेलॉर्ड नेल्सन यांना युद्ध वाढवायचं नाही एवढं नोंदवणारी दुरुस्ती हवी होती. ठराव मांडणाऱ्या विल्यम फुलब्राइट यांनी त्यांची समजूत काढली आणि ती दुरुस्ती बाजूला पडली. विरोधात मत देणारे दोघे, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग, दोघेही डेमोक्रॅट, १९६८ मध्ये आपल्या जागा गमावून बसले. तोवर युद्ध पार हाताबाहेर गेलं होतं. शेवटी त्यात ५८ हजारांवर अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी मेले. नेते तेच आणि सर्वसहमती आधीपेक्षाही भक्कम असताना असं का व्हावं? कारण जूनमध्ये सिनेट स्वतःची सत्ता वापरत होतं आणि ऑगस्टमध्ये ती दुसऱ्याला देऊन टाकत होतं. दोन्ही वेळी पक्षभेद विसरले गेले होते, एवढंच त्यांच्यात सारखं.

जुन्या गोडीगुलाबीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही. त्या काळात पक्षापलीकडची मतं मिळायची कारण पक्ष आतूनच फाटलेले होते. अलाबामाचा वंशभेदवादी आणि न्यूयॉर्कचा उदारमतवादी एकाच डेमोक्रॅटिक पक्षात बसायचे. दक्षिणेकडचे डेमोक्रॅट आणि पुराणमतवादी रिपब्लिकन यांच्या हातमिळवणीनं कृष्णवर्णीयांचे हक्क कितीतरी वर्षं अडवून धरले. तीही पक्षातीत युतीच होती. १९५० मध्ये अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेनं अहवाल काढून तक्रार केली होती की आपल्या दोन पक्षांत पुरेसा फरकच नाही, मतदारानं निवड करायची तरी कशी? त्यांनी मागितलं ते आता मिळालंय. आणि पक्षातीत मतदान पूर्णपणे संपलंय असंही नाही. २००२ मध्ये इराकवरच्या कारवाईला सिनेटनं ७७ विरुद्ध २३ अशी संमती दिली. २० मे २००९ रोजी, ओबामांना जेमतेम चार महिने झाले असताना, ग्वांतानामोचा तुरुंग बंद करण्यासाठीचा पैसा सिनेटनं ९० विरुद्ध ६ मतांनी नाकारला. त्यांच्याच पक्षाचे नेते हॅरी रीड त्यात होते. तो निर्णय मला चुकीचा वाटतो. पण तिजोरीची किल्ली आपल्याकडे आहे याची जाणीव त्या दिवशी सिनेटला होती, एवढं मान्य करायला हवं.

सर्वसहमतीवाल्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा टिकाऊपणाचा. दोन्ही पक्षांच्या मतांनी झालेला कायदा टिकतो, एका पक्षानं रेटलेला कायदा पुढची निवडणूक येताच धोक्यात येतो. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आणि १९६५ ची मेडिकेअर योजना या दोन्हींना अनेक रिपब्लिकनांनी मतं दिली होती आणि आज त्यांना हात लावायची कुणाची छाती नाही. याउलट ओबामांचा आरोग्य कायदा २१ मार्च २०१० रोजी २१९ विरुद्ध २१२ मतांनी पार झाला, त्यात एकही रिपब्लिकन मत नव्हतं. त्यानंतरची सात वर्षं तो रद्द करण्याच्या घोषणांत गेली, आणि २०२५ चं शटडाऊनसुद्धा त्याच कायद्याखालच्या वाढीव अनुदानावरून झालं. हा मुद्दा पोकळ नाही. एका पक्षाच्या कायद्याला जन्मापासून वैरी असतात.

तरीही तो कायदा उभा आहे ना? २०२५ मध्ये दोन कोटींहून अधिक लोक त्या कायद्यानं उभारलेल्या विमा-बाजारातून विमा घेत होते. सिनेट, प्रतिनिधीगृह आणि अध्यक्षपद तिन्ही हाती असताना रिपब्लिकनांना तो पाडता आला नाही. २८ जुलै २०१७ च्या पहाटे रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली केला आणि प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ असा फसला. आता उलट उदाहरण घ्या. २०२१ चा पायाभूत सुविधा कायदा म्हणजे अलीकडच्या काळातल्या सर्वसहमतीचा मुकुटमणी. सिनेटमध्ये ६९ विरुद्ध ३०, त्यात १९ रिपब्लिकन, आणि त्यांच्यात सिनेटमधले त्यांचे नेते खुद्द मिच मॅककॉनेल. २० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतल्याच्या दिवशीच, ट्रम्प यांनी आदेश काढून त्या कायद्याखालच्या निधीपैकी काहींचं वाटप थांबवलं. काँग्रेसनं मंजूर केलेला पैसा अडवून ठेवण्याची सवय निक्सन यांना होती, म्हणून तर १९७४ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला होता. ज्या एकोणीस जणांनी मत दिलं होतं त्यांपैकी सिनेटमध्ये उरलेल्यांनी, आणि त्यांच्या नेत्यांनी, सभागृह म्हणून हा निधी सोडवायला काय केलं? कायद्याला टिकवणारी गोष्ट म्हणजे त्याच्या पाठीशी नंतर उभं राहणारं सभागृह. मंजुरीच्या दिवशीच्या मतांचा आकडा त्याचं रक्षण करायला येत नाही.

या कसोटीवर २००९ चे नेते कसे दिसतात? सभापती नॅन्सी पेलोसी आणि सिनेटमधले नेते हॅरी रीड या जोडीला 'ओबामांचे शिक्के' म्हणून हिणवण्यात आलं, आणि त्यांच्या कारभारात पक्षबाजी ठासून भरलेली होती यात वाद नाही. ७८७ अब्ज डॉलरच्या आर्थिक प्रोत्साहन विधेयकाला प्रतिनिधीगृहात एकही रिपब्लिकन मत मिळालं नाही. सिनेटमध्ये तीन मिळाली आणि त्या तिघांपैकी आर्लेन स्पेक्टर दोन-अडीच महिन्यांतच पक्ष बदलून डेमोक्रॅट झाले. पण आरोग्य विधेयकाची वाटचाल पाहा. सिनेटच्या वित्त समितीत मॅक्स बॉकस यांनी तीन रिपब्लिकनांसोबत पूर्ण उन्हाळा वाटाघाटी केल्या. ऑलिंपिया स्नो यांनी समितीत बाजूनं मत दिलं आणि सभागृहात विरोधात. जानेवारी २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक स्कॉट ब्राऊन यांनी जिंकली, सिनेटमधली साठावी जागा (चर्चा थांबवायला तेवढी मतं लागतात) गेली, आणि व्हाइट हाउसमधले काही जण छोटं, सोपं विधेयक आणून मोकळं व्हावं म्हणू लागले. पेलोसींनी ते धुडकावलं. म्हणजे मोठ्या विधेयकाचा हट्ट त्या घडीला अध्यक्षांच्या कचेरीपेक्षा सभापतींचा जास्त होता. त्याआधी जून २००९ मध्ये हवामानबदलाचं विधेयकही त्यांनी २१९ विरुद्ध २१२ असं पार करून घेतलं होतं. रीड यांनी पुढे ते सिनेटमध्ये मतदानाला आणलंच नाही. ज्या सदस्यांनी पेलोसींच्या शब्दावर जोखीम घेतली ते उघड्यावर पडले. २०१० मध्ये डेमोक्रॅटांनी ६३ जागा गमावल्या आणि पेलोसींचं सभापतिपद गेलं. निवडणुकीच्या निकालावरून मोजायचं तर हे अपयश. पण सभागृहानं तेव्हा आपलं काम दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं.

इथे मी अनेकांना न रुचणारी गोष्ट म्हणतो. मॅककॉनेल यांनी ओबामांना एकही मत मिळू द्यायचं नाही असं ठरवलं, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये एका मुलाखतीत सांगूनही टाकलं की ओबामांना एकाच कार्यकाळात घरी पाठवणं हे आपलं सर्वांत महत्त्वाचं उद्दिष्ट आहे. याबद्दल त्यांना खलनायक ठरवलं जातं. का बुवा? विरोधी पक्षाच्या नेत्यानं सत्ताधाऱ्याला हरवायची इच्छा धरावी यात गैर ते काय? विरोध करायचे प्रकार अर्थातच असतात. १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन आले तेव्हा सभापती टिप ओनील विरोधी पक्षाचे होते आणि बहुमतही त्यांच्याकडे होतं. विधेयकं समित्यांत कुजवणं त्यांना सहज शक्य होतं. त्याऐवजी त्यांनी रेगन यांच्या आर्थिक कार्यक्रमाला मतदानाचं वेळापत्रक दिलं, आणि मे महिन्यात त्यांच्याच ६३ सदस्यांनी पक्ष सोडून रेगन यांच्या अर्थसंकल्पाला साथ दिली. ओनील जाहीरपणे हरले. पुढच्याच वर्षी मध्यावधी निवडणुकीत त्यांच्या पक्षाला २६ जागा वाढून मिळाल्या आणि १९८३ मध्ये निवृत्तिवेतनाच्या सुधारणेवर त्याच रेगन यांच्याशी करार झाला. मला ओनील यांची रीत अधिक आवडते. तरी मॅककॉनेल यांचं खरं पाप २००९ मधल्या विरोधात शोधू नये. ते शोधायचं असेल तर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रिक्त जागेवरच्या नियुक्तीला साधी सुनावणीही नाकारण्यात शोधावं. त्यांचं श्रेयही नोंदवायला हवं: २०१७-१८ मध्ये ट्रम्प पुनःपुन्हा फिलिबस्टर (लांबण लावून विधेयक अडवण्याची सिनेटमधली मुभा) मोडा म्हणत असताना त्यांनी विधेयकांपुरता तो मोडू दिला नाही. शटडाऊनच्या काळात सिनेटमधले रिपब्लिकनांचे नेते जॉन थून यांनीही तीच मागणी नाकारली.

मग माईक जॉन्सन यांच्यावरच राग का? त्यांची बाजू आधी नीट मांडू. ऑक्टोबर २०२३ मध्ये केव्हिन मॅकार्थी यांना सभापतिपदावरून दूर केलं गेलं, अमेरिकेच्या इतिहासात पहिल्यांदाच. ते भूत मानगुटीवर घेऊन जॉन्सन कारभार करतात. ३ जानेवारी २०२५ रोजी ते २१८ मतांनी निवडून आले, तेही अडून बसलेल्या सदस्यांना ट्रम्प यांनी फोन केल्यावर. दोन-तीन जण फुटले की विधेयक पडतं. अशा माणसाकडून अध्यक्षांना आव्हान देण्याची अपेक्षा करणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर शौर्य गाजवणं, असं कुणी म्हणालं तर मी हसण्यावारी नेणार नाही. मोठं विधेयक पार पाडण्यात त्यांनी दाखवलेलं कसबही खरं आहे.

पण मार्च २०२५ मध्ये जे झालं ते नाइलाजातून आलेलं नाही. ट्रम्प यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून कॅनडा आणि मेक्सिकोवर आयातशुल्क लावलं होतं. आयातशुल्क हा राज्यघटनेनुसार काँग्रेसचा अधिकार. १९७६ च्या आणीबाणीविषयक कायद्यात अशी सोय आहे की कुणाही सदस्यानं आणीबाणी संपवण्याचा ठराव आणला तर समितीनं ठरावीक दिवसांत तो पुढे पाठवावा आणि मतदान व्हावं. जॉन्सन यांच्या बहुमतानं एका दुसऱ्याच विधेयकाच्या कार्यपद्धतीच्या ठरावात कलम घुसवलं: या अधिवेशनाचे उरलेले दिवस त्या कायद्यापुरते 'दिवस' म्हणून मोजले जाणार नाहीत. दिवसच उगवत नाही, तर मुदत कशी संपणार आणि मतदान कसं होणार? काठावरच्या बहुमताची मजबुरी म्हणतात ती अशी सक्रिय नसते; यासाठी मतं गोळा करावी लागली. घड्याळ थांबवण्याची युक्ती नवी नाही, हेही सांगतो. एप्रिल २००८ मध्ये पेलोसींनी कोलंबियाबरोबरच्या व्यापार कराराची मुदत अशीच नियम बदलून गोठवली होती. पण तेव्हा घड्याळ थांबलं ते जॉर्ज बुश यांनी लादलेल्या वेळापत्रकातून सभागृहाला सोडवण्यासाठी. २०२५ मध्ये थांबलं ते सभागृहाला स्वतःचाच अधिकार वापरता येऊ नये म्हणून.

याचे परिणाम वॉशिंग्टनपुरते राहिले नाहीत. ऑगस्ट २०२५ अखेर भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं तेव्हा अंधेरीच्या सीप्झमध्ये अमेरिकेसाठी दागिने घडवणाऱ्यांना त्याची झळ बसली. आपल्याकडच्या चर्चेत तो ट्रम्प आणि मोदी यांच्यातला मामला ठरला. एवढं मोठं शुल्क एका माणसाच्या सहीनं कसं लागू शकतं, हे लावण्याचा अधिकार ज्या सभागृहाचा ते कुठे होतं, हे विचारणारे थोडेच. ऑक्टोबरमध्ये सिनेटनं काही रिपब्लिकनांच्या साथीनं ब्राझील आणि कॅनडावरच्या शुल्कामागची आणीबाणी संपवण्याचे ठराव मंजूर केले. प्रतिनिधीगृहात त्यांना दारच नव्हतं. आणि त्या वेळी प्रतिनिधीगृह भरतही नव्हतं. १९ सप्टेंबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत तिथे एकही मतदान झालं नाही. ॲरिझोनातून २३ सप्टेंबरला निवडून आलेल्या आदेलिता ग्रिहाल्वा यांना शपथेसाठी सात आठवडे थांबावं लागलं. लैंगिक गुन्हेगार जेफ्री एपस्टीन याच्या प्रकरणातली कागदपत्रं खुली करण्याचं विधेयक नेत्यांना डावलून सभागृहात आणायला २१८ सह्या लागत होत्या आणि शेवटची सही त्यांची होती. ते विधेयक मतदानाला आलं तेव्हा ४२७ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. अध्यक्षांनी आदल्याच आठवड्याअखेर पवित्रा बदलला होता हे खरं, पण त्यांना तो बदलावा लागला तो त्या सह्यांमुळे. सर्वसहमती होती, फक्त ती दाबून ठेवण्याचं काम नेता करत होता.

'पण ज्याच्या कृपेनं पद मिळालं त्याच्याविरुद्ध जाणार कसं?' यावर ॲल्बन बार्कली यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३७ मध्ये केंटकीचे बार्कली सिनेटमध्ये डेमोक्रॅटांचे नेते झाले ते फक्त एका मताच्या फरकानं, आणि त्यामागे रूझवेल्ट यांचं वजन होतं हे सगळ्या वॉशिंग्टनला ठाऊक होतं. सात वर्षं ते अध्यक्षांचे हरकामे म्हणून ओळखले गेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये, ऐन महायुद्धात, काँग्रेसनं पाठवलेलं करविधेयक रूझवेल्ट यांनी फेटाळलं, आणि ते गरजवंतांसाठी नसून हावऱ्यांसाठी आहे असं वर लिहिलं. बार्कली उभे राहिले, हा सभागृहाच्या सदस्यांच्या प्रामाणिकपणाचा अपमान आहे असं म्हणाले, आणि नेतेपदाचा राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवशी डेमोक्रॅटांनी त्यांना एकमतानं पुन्हा नेता निवडलं. दोन्ही सभागृहांनी अध्यक्षांचा नकाराधिकार दोनतृतीयांश बहुमतानं उलटवला. बार्कली रूझवेल्ट यांचे शत्रू झाले नाहीत, पक्षही त्यांनी सोडला नाही. १९४८ मध्ये तर ते ट्रूमन यांच्याबरोबर उपाध्यक्ष म्हणून निवडून आले. करविधेयकाच्या गुणदोषांत रूझवेल्ट बरोबर होते असं मला वाटतं. मुद्दा तो नाही. ज्याला एका मतानं आणि अध्यक्षांच्या मेहेरबानीनं पद मिळालं होतं त्यालाही नकार देता आला, आणि त्या नकारानं त्याच्याच पक्षात त्याचं वजन वाढलं.

हे वाचून आपल्याकडचा वाचक म्हणेल की नेत्याला पक्षानंच निवडलेलं असतं, तो पक्षाचाच असणार. सभागृहाची इज्जत वगैरे पुस्तकी गोष्टी आहेत. या निराशेचं मूळ मला समजतं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आपल्या खासदार-आमदाराला पक्षादेशाविरुद्ध मत देणं म्हणजे जागेवर पाणी सोडणं. मॅकेन भारतात असते तर त्या अंगठ्यानंतर अपात्रतेची याचिका आली असती. आणि २०२२ नंतर महाराष्ट्रात विधानसभाध्यक्षांपुढे अपात्रतेचा जो खेळ चालला तो पाहिलेल्या माणसाला सभापती निष्पक्ष असू शकतो हे विनोदासारखं वाटलं तर नवल नाही. पण अमेरिकेत असा कायदा नाही. तिथे सदस्यानं पक्ष धुडकावला तर फार तर समिती जाते किंवा पुढची उमेदवारी अडचणीत येते. आपल्याकडे जी शरणागती कायद्यानं लादली आहे ती ते स्वखुशीनं पत्करतात, मग आपल्या सबबी त्यांना का लागू कराव्यात? शिवाय आपल्याकडेही नेहमी असंच नव्हतं. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर काँग्रेस पक्षाचेच. नेहरू लोकप्रियतेच्या शिखरावर, पहिल्या लोकसभेत काँग्रेसच्या ३६४ जागा. तरी ऊठसूट वटहुकूम काढण्याविरुद्ध मावळणकरांनी नेहरूंना लेखी बजावलं होतं की हा प्रकार लोकशाहीला धरून नाही. अमेरिकेतला आयातशुल्काचा प्रश्न याहून फार वेगळा नाही.

डेमोक्रॅट वाचक एव्हाना खूश झाला असेल तर त्याच्यासाठी थोडं. जुलै २०२१ मध्ये पेलोसींनी स्पष्ट सांगितलं होतं की विद्यार्थ्यांची कर्जं माफ करण्याचा अधिकार अध्यक्षांना नाही, त्यासाठी काँग्रेसनं कायदा करायला हवा. ऑगस्ट २०२२ मध्ये जो बायडन यांनी दहा ते वीस हजार डॉलरपर्यंतची माफी सहीनिशी जाहीर केली आणि पेलोसींनी तिचं स्वागत केलं. ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली तेव्हा सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात पेलोसींचंच २०२१ चं वाक्य उद्धृत केलं. एका जबरदस्त सभापतीला तिचेच शब्द न्यायालयाकडून ऐकावे लागावेत, यापेक्षा बोचरी शिक्षा नसेल.

२०२५ मध्ये सत्तेबाहेर असतानाही त्या पक्षाच्या नेत्यांनी गोंधळ घातलाच. मार्चमध्ये सिनेटमधले डेमोक्रॅट नेते चक शूमर यांनी रिपब्लिकनांच्या खर्चविधेयकाला वाट करून दिली, आणि स्वपक्षीयांनी त्यांना तडजोडखोर म्हणून झोडपलं. तडजोडीत मला वावगं दिसत नाही. बदल्यात काहीही पदरात पाडून न घेणं वावगं होतं. याउलट मे महिन्यात मिशिगनचे श्री ठाणेदार यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं आणून मतदानाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्या पक्षनेतृत्वानं हात आखडता घेतला आणि ठाणेदारांनी आयत्या वेळी मतदान मागितलं नाही. बेळगावच्या या मराठी माणसाच्या धाडसाचं आपल्याकडे कौतुक झालं, नेत्यांना भित्रे म्हटलं गेलं. मला नेते बरोबर वाटतात. बहुमत नाही, सुनावण्या नाहीत, पुरावे सभागृहापुढे आलेले नाहीत. अशा महाभियोगात हत्यार वाया जातं आणि पुढच्या वेळी त्याची धारही कमी झालेली असते. स्वतःच्या सदस्याला आवरणं हाही सभागृहाचे अधिकार जपण्याचाच भाग असतो, कधीकधी.

जॉन्सन यांच्यावर टीका करणाऱ्या डेमोक्रॅटांना म्हणूनच एक साधा प्रश्न विचारायला हवा. बहुमत परत आलं की दिवस न मोजण्याची ती पळवाट सभागृहाच्या नियमांतून कायमची बुजवणार का, तीही त्यांच्याच पक्षाचा अध्यक्ष आला तरी लागू राहील अशी? आणीबाणी ठरावीक मुदतीनंतर काँग्रेसनं मंजूर केली नाही तर आपोआप संपावी, अशा प्रस्तावांना वेळोवेळी दोन्ही पक्षांतून पाठिंबा मिळाला आहे. जो पक्ष सत्तेबाहेर असतो त्याला ते पटतात, सत्तेत आला की त्यांची घाई राहत नाही. प्रतिनिधीगृहातले डेमोक्रॅट नेते हकीम जेफ्रीज सभापती झाले आणि पुढेमागे त्यांच्याच पक्षाच्या अध्यक्षानं हवामानबदलाची किंवा घरबांधणीची आणीबाणी जाहीर करून शुल्क लावलं, पैसा वळवला, तर पहिल्या दिवशी ते काय करतील? मार्च २०२५ चं ते कलम तयार आहे. फक्त तारीख बदलून घ्यायची.